आफ्रिकेचे सहा दिवस

रोमच्या आफ्रिका प्रांतात धान पिकत नव्हता, हे खुशालगुरुजींनी झिंगूला पुन्हा पुन्हा सांगितलं, पण झिंगूच्या डोक्यात ते काही शिरेना.

"धान नाई, मंग लोक खात काय होते गा गुरुजी?"

"गहू. आणि जैतुनाचं तेल."

"अन् रोवणी?"

"गव्हाची रोवणी नसते, झिंगू. गहू पेरतात."

"मंग बायका काय करत होत्या पावसाळाभर?"

गुरुजींनी वाचलेल्या कुठल्याच ग्रंथात याचं उत्तर नव्हतं. ते ओशाळले. आपल्याला काही येत नाही हे कळायला त्यांना एवढंसं निमित्त पुरायचं.

झिंगू बारा महिने सायकली दुरुस्त करायचा आणि दिवाळी सरून मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की खडी गंमत उभी करायचा. खडी गंमत म्हणजे भर दुपारी, लोकांच्या घोळक्यात, उभ्या उभ्या करायचा खेळ. त्यात डफ असतो, टाळ असतात, लुगडं नेसलेले दोन नाचे असतात, थोडी गाणी आणि पुष्कळ टवाळी. सासू-सुनेची गंमत तीन मंडया झाली होती, लोक कंटाळले होते. म्हणून यंदा झिंगू गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला होता. त्याला एखादा राजा पाहिजे होता, आणि गावात राजांचा जाणकार एकच होता.

खुशाल लोणारे ब्रह्मपुरीच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि बेलटोलीला आपल्या घरी परत आले. गावातल्या बौद्ध वस्तीतले ते पहिले एम.ए. रोमच्या आफ्रिका प्रांतावर, म्हणजे भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावर, आज जिथे ट्युनिसिया आहे तिथल्या जुन्या रोमन वसाहतींवर, त्यांनी मराठीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. नागपूरच्या ग्रंथालयात उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून, इंग्रजीतून एकेक वाक्य सोडवत, पंचवीस वर्षं ते लिहीत होते. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. ते कुणी विचारलं की गुरुजी लाजून म्हणत, "खरंच, मला काही अधिकार नाही त्यावर लिहायचा." आणि घरी जाऊन लिहायला बसत.

झिंगूला त्यांनी बंदरं सांगितली, धान्याने भरून रोमला जाणारी जहाजं सांगितली, वाळूत सापडलेली रंगीत खड्यांची चित्रं सांगितली. झिंगू जांभया देत होता. मग गुरुजींनी तो दगड सांगितला.

"शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे एक कोरलेला दगड सापडला. तिथे बादशहाची मोठी जमीन होती. बादशहा बसला रोमला. जमीन एका ठेकेदाराकडे. त्याचं नाव अल्लियस मॅक्सिमस. कुळांनी त्याच्या शेतावर वर्षाचे काही ठरलेले दिवस फुकट राबायचं, असा नियम होता. हा त्याहून जास्त राबवून घ्यायचा. वरचा साहेब त्याच्या मुठीत. लोकांनी बादशहाकडे अर्ज केला, तर साहेबाने शिपाई पाठवले. काहींना बांधलं, काहींना फटके मारले."

झिंगू सावरून बसला. "म्हंजे वेठ?"

"वेठच."

"मंग?"

"मग त्यांनी अर्ज सोडला नाही. आणि बादशहाचा हुकूम आला. नांगरणीचे दोन, निंदणाचे दोन, कापणीचे दोन. वर्षाला सहा दिवसांच्या वर एक दिवस घ्यायचा नाही. लोकांनी तो हुकूम, स्वतःच्या अर्जासकट, दगडावर कोरून गावात उभा केला. कुणी उद्या नाही म्हणायला नको."

झिंगूने विडी विझवली. "राजा चांगला होता म्हना."

"नाही रे. वाईटच होता. त्याला तलवारी खेळायचा नाद होता, राज्याकडे लक्ष नव्हतं. पण हुकूम खरा आहे."

"तलवार हाये, मंग काम झालं," झिंगू म्हणाला, आणि उठून गेला.

बेलटोलीत वेठ या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गावचा तलाव मालगुजार बिरजूबाबूंच्या पणजोबांनी बांधलेला. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. परवाच्या वर्षी तर चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे पडले, गडचिरोली वेगळी झाली, दुनिया इकडची तिकडे झाली. पण तलावाच्या तुडुमावर, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी दारावर, माणूस बिरजूबाबूंचाच. श्रावण त्याचं नाव. ज्या घरचं माणूस बिरजूबाबूंच्या शेतात फुकट राबून आलं, त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी. जे गेलं नाही, त्याचं पाणी उद्या, आणि हा उद्या कधीकधी धान वाळेपर्यंत चालायचा. किती दिवस जायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. बोलावणं आलं की जायचं.

मंडईच्या दिवशी चौकात बोरं, शिंगाडे, उसाच्या मोळ्या आणि बांगड्यांच्या पाट्या लागल्या. गुरुजी गर्दीला भिऊन चक्कीच्या भिंतीला टेकून उभे होते. झिंगू सोनेरी कागदाचा मुकुट आणि काळा चष्मा घालून आला. हातात लाकडी तलवार. तो स्वतःच्याच सावलीशी तलवार खेळत होता आणि कुणी काही सांगायला आलं की "थांब, हिले मारू दे" म्हणत होता. लोक हसून हसून लोळले. मग ठेकेदार आला. गावच्या शिंप्याने हे सोंग घेतलं होतं. काखेत छत्री, गालात पान, आणि चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकायची लकब. कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. नाच्यांनी रोवणीचं गाणं म्हटलं. आफ्रिकेत रोवणी झाली, चिखल झाला, एका बाईचं पोर बांधाच्या धुऱ्यावर रडलं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. एवढ्या चुका त्यांनी आयुष्यात एका जागी पाहिल्या नव्हत्या.

हुकूम सांगायची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. गमतीच्या डफाचं कातडं ऐन वेळी फाटलं. मुखरू कोतवाल गर्दीत उभा होता. त्याच्या खांद्याला दवंडीचा डफ होता, कारण मंडई संपली की त्याला लसीकरणाची दवंडी द्यायची होती. झिंगूने त्यालाच हाताला धरून मधे ओढलं.

बेलटोलीत मुखरूच्या डफाची एक रीत होती. तो चौकातल्या कडुनिंबाखाली उभा राहून, तीन थापा मारून जे बोलेल, ते गावाला लागू. राशनची साखर आली, त्या थापांवर. जंगलात गुरं नेऊ नका, त्या थापांवर. त्या डफावर मुखरू कधी खोटं बोलला नव्हता, कारण त्याला बोलायचं काय ते वरून सांगितलेलं असायचं. आताही झिंगूने त्याच्या कानात सांगितलं. आणि मुखरू, सवयीने, चालत गेला तो कडुनिंबाखालीच. तीन थापा मारल्या.

"ऐका हो ऐका. बादशाचा हुकूम झाला हाये. मालकाच्या शेतात वर्षाचे सहा दिवस. नांगराचे दोन, निंदनाचे दोन, कापनीचे दोन. त्याच्यावर एक दिवस बी कोनी घेऊ नये, कोनी देऊ नये हो."

हसणं थांबलं. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि मंडई पुन्हा सुरू झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बिरजूबाबूंच्या शेतात कापणीला एकही माणूस गेलं नाही.

त्यांचा मुनीम घरोघर फिरला. धुरपताच्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. धुरपता विधवा बाई, गावात तिच्याइतकी रोवणी कुणाच्या हाताला नव्हती, आणि तिच्याइतकं तोंडही कुणाला नव्हतं.

"बाबूंनी बोलावलं हाये, धुरपताबाई."

"आमचे सहा झाले ना भाऊ. झाले त्याच्याहून जास्ती झाले. वरचे वापस भेटतीन का, विचारून या बरं."

"कोनते सहा?"

"दवंडी झाली नाई का? तुमी तर पुढीच उभे होते, शिंगाडे खात."

"अवो ते गंमत होती."

"डफ त सरकारी होता," धुरपता म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

गावाने खरंच तसं समजून घेतलं होतं की समजल्याचं सोंग घेतलं होतं, हे गुरुजींना शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. म्हातारेकोतारे तर मनापासून मानत होते. तरण्यांच्या डोळ्यांत मात्र एक बारीक चमक होती. विचारावं तर सगळे सारख्याच निरागस चेहऱ्याने म्हणत, "दवंडी झाली जी." आणखी गंमत अशी, की बिरजूबाबूंनाही पहिल्या दिवशी धास्ती वाटली. सरकारचा काही भरोसा नाही, निघालं असेल एखादं परिपत्रक. त्यांनी मुनीमाला तहसीलीत विचारायला पाठवलं. तिथे कारकुनांनी त्याला चहा पाजला, सहा दिवसांच्या बादशहाची सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली, आणि पोट धरून हसले.

त्यानंतर बिरजूबाबूंनी दोन गोष्टी केल्या. श्रावणला सांगून तुडूम बंद केलं. हलका, लवकर येणारा धान कापणीला आला होता, पण लोकांचा भारी, उशिरा येणारा धान अजून उभा होता, आणि त्याला शेवटचं एक पाणी हवं होतं. ते मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहतात. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी खुशालगुरुजींना बोलावणं पाठवलं.

गुरुजी गेले. त्यांना खुर्ची मिळाली. बिरजूबाबू रागावलेले नव्हते, हे पाहून गुरुजींना जास्तच भीती वाटली.

"गुरुजी, हा अल्लियस कोण?"

"ठेकेदार होता. बादशहाच्या जमिनीचा."

"आणि तो माझ्यासारखा चालायचा?"

"नाही, ते झिंगूने घातलं," गुरुजी घाईने म्हणाले. "ग्रंथात तसा आधार नाही."

बिरजूबाबू हसले. त्यांनी टेबलावरून कागदांचा एक जुडगा गुरुजींकडे सरकवला. गुरुजींनी तो पाहिला आणि त्यांचे हात थांबले.

बिरजूबाबू ब्रह्मपुरीच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. संस्थेला पंचवीस वर्षं होत होती म्हणून एक पुस्तक छापायचं ठरलं होतं, आणि ते गुरुजींचं होतं. मार्चमध्येच गुरुजींनी आपलं हस्तलिखित, कापडात बांधून, बिरजूबाबूंच्या हाती दिलं होतं. नक्कल काढायला सहाशे पानं पुन्हा लिहावी लागली असती, ती काढली नव्हती. आता समोर नागपूरहून आलेली छापील पानं होती. कच्ची, शाईचा वास येणारी. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'रोमन आफ्रिका : इतिहास आणि पुरातत्त्व', आणि खाली, खुशाल लोणारे. आपलं नाव छापलं की इतकं परक्यासारखं दिसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एका पानावर 'कार्थेज'चा थ उलटा बसलेला पाहिला आणि खिशातली पेन्सिल काढायला हात नेला.

"आताच नको," बिरजूबाबू म्हणाले. "परवा दुपारी चौकात गाव बोलावतो. तुम्ही फक्त एवढं सांगा, हा हुकूम इथला नाही. जुन्या काळचा, दुसऱ्या मुलकातला. खरं तेच सांगायचं. तुम्हाला खोटं बोलायला लावीन का मी?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ते खरंच आहे."

"मग पानं तपासायला परवा संध्याकाळी घेऊन जा. मूळ प्रत इथेच आहे, कपाटात. सुखरूप."

सुखरूप हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

घरी अंजनाबाई भाकरी थापत होत्या. गुरुजींनी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला न विचारता फक्त पुस्तकंच घेतली होती.

"सांगून टाका मंग," अंजनाबाई म्हणाल्या. "खोटं थोडीच हाये."

"तेच. इतिहासाच्या दृष्टीनं पाहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. लोकांचा गैरसमज झालाय, आणि तो माझ्यामुळे झालाय. दूर करणं माझं कामच आहे."

"हो."

"मग तू अशी का बोलतेस?"

"मी कुठी काय बोलली?" त्यांनी भाकरी उलटली. "एक गोष्ट सांगू का तुमाले. मी लग्न होऊन आली त्या वर्षी तुमी परीक्षेले नागपूरले होते. तवा रोवणीचं बोलावनं आलं. तुमची माय म्हने, पोराले कळवू नोको, त्याचा अभ्यास मोडन. मंग आमी दोघीजनी गेलो. पंधरवडा गेलो. मायले ताप होता, तरी गेली. मी तिच्या वाटच्या पेंढ्या लावत होती अन् तिले धुऱ्यावर बसवत होती."

त्या परीक्षेच्याच पावसाळ्यात गुरुजींनी ग्रंथालयात पहिल्यांदा तो दगड वाचला होता. तो मजकूर त्यांनी दोनदा का उतरवून घेतला, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. आई वेठीला जाते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. पण आपण शिकलो की ते संपेल, असं ते धरून चालले होते. सहाशे पानांत त्याबद्दल एक शब्द नव्हता. इतिहासात स्वतःला घुसडू नये, असं ते विद्यार्थ्यांना शिकवत आले होते.

"मले सांगितलं नाई कधी," ते म्हणाले. घरात ते असंच बोलायचे.

"तुमी आफ्रिकेत होते," अंजनाबाई म्हणाल्या, आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी बांध्यांकडे फिरायला गेले. भारी धान उभा होता, पण पायाखालची जमीन भेगाळली होती. तुडुमावर श्रावण हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बसला होता. गावातलं कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. गुरुजींनी नमस्कार केला तर त्याने मान फिरवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाव चौकात जमलं. बिरजूबाबूंसाठी खुर्ची आणि गुरुजींसाठी खुर्ची, बाकीचे खाली. गुरुजी बसेचनात. बसलं तर सगळे खाली दिसत होते. शेवटी खुर्चीची पाठ धरून ते उभे राहिले. शाळेत इतकी वर्षं काढली, पण मोठ्या माणसांपुढे बोलायचं म्हटलं की त्यांना अवघड जायचं.

"मंडईच्या दिवशी गमतीत जो हुकूम सांगण्यात आला," त्यांनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "त्याविषयी काही गैरसमज पसरला आहे. तो हुकूम अस्सल आहे. त्याचा शिलालेख सापडलेला आहे. परंतु तो इथला नव्हे. तो रोमच्या बादशहाचा, आफ्रिका प्रांतातला, अठराशे वर्षांपूर्वीचा आहे. ते राज्य बुडालं. त्याचा कायदाही त्याच्याबरोबर गेला."

बिरजूबाबूंनी मान डोलावली.

"म्हणजे सहा दिवसांचा नियम बेलटोलीला लागू होत नाही. हे मी जबाबदारीने सांगतो."

झिंगूने मान खाली घातली. मुखरूने डफ पाठीमागे लपवला, जणू त्याच्याकडूनच चोरी झाली होती. म्हाताऱ्यांचे चेहरे पडले. गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, आता खाली बसावं. त्यांचं सांगायचं ते संपलं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

बायकांमधून धुरपता उठली.

"गुरुजी, आमी अडानी मानसं. आफ्रिकेचं आफ्रिकेले राहू द्या. आमाले एवढं सांगा, मंग इथी किती दिवस?"

"बस, झालं," मुनीम म्हणाला. "सभा संपली."

पण प्रश्न विचारला गेला होता. गुरुजींचा सगळा जन्म एकाच सवयीवर गेला होता. कुणी प्रश्न विचारला, आणि उत्तर ठाऊक असलं, तर ते द्यायचं. ठाऊक नसलं तर तसं सांगायचं. आणि हे उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी नागपूरचं ग्रंथालय लागत नव्हतं. ते घरातल्या फळीवर, तसबिरीखाली, लाल कापडात ठेवलेलं होतं.

खुर्चीची पाठ त्यांच्या हातून सुटली.

"इथी?" ते म्हणाले. "इथी एकबी नाई."

कुणाला नीट ऐकू गेलं नसावं. लोक तसेच बसून होते.

"मी चुकीचं सांगितलं तुमाले. सहा दिवस त्या लोकायले द्या लागत होते, काऊन का त्यायच्यावर बादशा होता. आपल्यावर बादशा नाई. आपल्यावर घटना हाये. तिच्यात तेविसावं कलम हाये. बेगार घेता येत नाई, अन् घेतली त तो गुन्हा हाये. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यात बी शब्द तोच, बेगार. आपलाच शब्द हाये. सहा दिवस नाई, दोन नाई, अर्धा दिवस बी नाई. मी लहान होतो तवाच झालं असतं हे, त एक वेळ माह्या मायले—" ते थांबले. "ते जाऊ द्या. सन पन्नासपासून हाये. तलाव बी त्याच्यानंतर लवकरच सरकारचा झाला. पानी कोनाच्या बापाचं नाई."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाच कळलं नाही. असं वाक्य त्यांनी वर्गात कुणाला उच्चारू दिलं नसतं.

"म्हंजे आमी सहा बी फुकट कबूल केले होते," धुरपता हळूच म्हणाली.

"हो," गुरुजी म्हणाले. "सहा दिवसानं जास्ती."

कुणीतरी मागून हसलं, आणि ते हसणं गर्दीत पसरत गेलं. मंडईतल्यासारखं नव्हतं ते. बिरजूबाबू उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"गुरुजी, मी तुम्हाला मान दिला. जे माझ्याच्याने होईल ते केलं. विचार करून बोलत आहात ना?"

"सकाळपासून विचार नाही केला," गुरुजी म्हणाले. "आत्ताच सुचलं."

बिरजूबाबू जवळ आले. पुढचं ते फक्त गुरुजींसाठी बोलले, पण पुढे बसलेल्या बायकांनी ऐकलं.

"तुमच्या ग्रंथाची दुसरी प्रत आहे का कुठे?"

"नाही."

"असं कसं केलंत? एवढी वर्षं लावली."

सहाशे पानं. हाताने काढलेले नकाशे, त्यातला समुद्र निळ्या पेन्सिलीने रंगवलेला. गुरुजींना क्षणभर वाटलं, आपण हात जोडावे. हात अर्धे वर आलेही. मग त्यांनी ते खाली नेले आणि धोतराला पुसले.

"राहू द्या तुमच्याकडे," ते म्हणाले. "मी पुन्हा लिहीन. पहिल्या खेपेला फार घाबरत घाबरत लिहिलं होतं." आणि थोडं थांबून, कारण अर्धवट माहिती देऊन गप्प बसणं त्यांना जमत नसे, "तुम्ही वाचा मात्र. अल्लियस मॅक्सिमसचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या कुळांनी त्याची तक्रार कोरली, म्हणून उरलंय."

बिरजूबाबू जीपकडे गेले. मुनीम खुर्ची उचलून मागोमाग गेला. दुसरी खुर्ची तशीच राहिली, कुणी तिच्यावर बसलं नाही.

"आता?" मुखरूने विचारलं. त्याचा प्रश्न गुरुजींना होता, पण उत्तर धुरपताने दिलं.

"आता काय? धान सुकून राह्यला."

बायका आधी निघाल्या, मग गडी. गुरुजी मागे राहिले. आपण बोललो, आपलं काम झालं, पुढचं मजबूत माणसांचं, असं त्यांना वाटत होतं. अंजनाबाईंनी पदर खोचला आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही, नुसत्या चालू लागल्या. मग गुरुजीही निघाले. तलावाच्या पाळीवर चढताना त्यांना धाप लागली. झिंगूने मागून हात दिला.

"गुरुजी, तुमी आमची गंमत पार पाडली," झिंगू म्हणाला. "आता पुढच्या साली काय करू?"

"चूप बस," गुरुजी म्हणाले. कुणाला चूप बस म्हणायची ही त्यांची कित्येक वर्षांतली पहिली वेळ.

तुडुमावर श्रावण उभा होता. एवढं गाव पाळीवरून येताना पाहून त्याने सब्बल आडवी धरली. सगळे थांबले. खाली तलावाचं पाणी शिंगाड्याच्या वेलांमधून चमकत होतं आणि पलीकडे बांध्या पिवळ्या पडत होत्या.

"मालकाचा हुकूम नाई," श्रावण म्हणाला.

"बाजूले हो गा श्रावण," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "नाई त तुलेच आंदी बुडवू."

दोन गडी पुढे सरले. गुरुजींना वाटलं, आता मारामारी होणार आणि ती आपल्या बोलण्यामुळे होणार. ते गर्दी सारून पुढे गेले. श्रावणसमोर उभे राहिले. श्रावणच बोलला. बोलताना त्याची नजर गुरुजींच्या छातीवर होती, डोळ्यांत नव्हती.

"मी चौकाच्या मागंच उभा होतो. तुमी बोलले ते आयकलं. एक विचारू का गुरुजी?"

"विचार."

"मले बी पगार नाई भेटत. माह्या बापाले बी नाई भेटला. बाबू म्हन्ते, तुमी घरचेच हा. वीस वर्सं मी या गोट्यावर बसून हाओ. मी बी त्याच्यातच येतो का? त्या तेविसाच्या?"

धुरपताने तोंडावर पदर धरला.

"येतो," गुरुजी म्हणाले. "तू सगळ्यात आंदी येतो."

श्रावण वळला, गुडघाभर पाण्यात उतरला, सब्बल दगडाच्या भोकात घातली आणि अंगाचा सगळा भार टाकून तुडूम बुजवणारा दट्ट्या उपटला. खालून पाणी फुटलं आणि पाटात गढूळ उसळत धावलं. त्याने सवयीने मान वर केली आणि बिरजूबाबूंच्या घराकडे बघत विचारलं, "पयले कोनाची बांधी?"

"तिकडं नोको पाहू," धुरपता म्हणाली. "इकडं पाहा. जिथी सुकून राह्यला, तिथी."